अर्थ इंजिनला माळरान दिसतं का?

एप्रिलमधलं सोलापूर जिल्ह्याचं उपग्रहचित्र उघडा. ज्वारी काढून मोकळं झालेलं रान, वाळलेल्या कुसळी गवताचं माळरान, मुरमाचा उघडा टेपा आणि प्लॉट पाडण्यासाठी सपाट केलेली जमीन, हे चारही थोड्याफार फरकाने एकाच तपकिरी रंगाचे दिसतात. पहिलं शेत आहे. दुसरं लांडग्या-काळविटांचं घर आहे. तिसऱ्यावर पावसाळ्यात दोन महिने गवत उगवतं आणि चौथं कायमचं गेलेलं आहे. जमीनवापर कसा बदलला हे उपग्रहावरून सांगायचं म्हणजे हे चार तपकिरी रंग वेगळे करायचे. उपग्रहचित्रांवर इंटरनेटवरून गणित करू देणाऱ्या गूगल अर्थ इंजिन या साधनाचं हे परीक्षण त्याच कसोटीवर आहे. सह्याद्रीतलं सदाहरित जंगल किंवा मुंबईची वाढ कोणतंही साधन दाखवतं, कस लागतो तो माळावर.

निकाल आधीच सांगून टाकू. हत्यार म्हणून अर्थ इंजिनला पैकीच्या पैकी गुण. त्यावर मिळणाऱ्या आयत्या जमीनवापर-नकाशांना मात्र माळरानाच्या विषयात नापास करावं लागतं. घोळ होतो तो हत्यार आणि आयता नकाशा एकच समजल्यामुळे.

अर्थ इंजिन २०१० मध्ये आलं. मुख्य सोय अशी की चित्रं उतरवून घ्यावी लागत नाहीत. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या सुमारे शंभर किलोमीटर चौरस तुकड्याची एका तारखेची फाइल जवळपास एक जीबीची असते. दर पाच दिवसांनी एक, म्हणजे वर्षाला सत्तरच्या वर फाइली, आणि जिल्हा एका तुकड्यात मावत नाही. इथे तो सगळा साठा गूगलच्या सर्व्हरवर असतो. आपण फक्त सूचना पाठवायच्या. गणित तिकडे होतं, आपल्याकडे उत्तर येतं. जुना लॅपटॉप आणि बरं इंटरनेट एवढ्यावर भागतं. संशोधन, शिक्षण आणि इतर बिगर-व्यावसायिक कामासाठी ते फुकट आहे. सल्लागार कंपन्यांना २०२२ पासून पैसे मोजून वापरता येतं. नोंदणीसाठी गूगल खातं आणि एक क्लाउड प्रकल्प लागतो, आणि काम बिगर-व्यावसायिक असल्याचं जाहीर करावं लागतं. ब्राउझरमधल्या कोड एडिटरमध्ये जावास्क्रिप्ट चालते. पायथनवाल्यांसाठी जीमॅप नावाचं चांगलं पॅकेज आहे.

माउसने बटणं दाबून काम करायची सवय असणाऱ्यांना इथे पहिले दोन-तीन आठवडे जड जातात. अडचण भाषेची कमी, विचाराची जास्त. तुम्ही लिहिलेली ओळ तुमच्या संगणकावर चालत नाही. ती एक चिठ्ठी असते, सर्व्हरकडे जाणारी. म्हणून नेहमीचा फॉर-लूप (एकच काम पुन्हापुन्हा करायला लावणारी सूचना) लावून प्रत्येक चित्राचं उत्तर मागवत बसलात तर पान गोठतं. त्याऐवजी एकच क्रिया संपूर्ण संग्रहावर 'मॅप' करायची. ब्राउझरमधलं गणित पाच मिनिटांत आटपलं नाही तर तुटतं, आणि यादी पाच हजार नोंदींच्या पुढे गेली की नकार येतो. मोठं काम 'एक्सपोर्ट' करून पार्श्वभूमीला लावायचं आणि निकाल ड्राइव्हमध्ये घ्यायचा. 'मेमरी संपली' असा संदेश आला तर काम लहान तुकड्यांत वाटणारं 'टाइलस्केल' ४ किंवा ८ करा. काम हळू होतं, पण होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र कोणताही लाल संदेश न देता होते. अनेक तारखांचं मिळून एक चित्र बनवलं की त्या चित्राला स्वतःचं मोजमाप उरत नाही, अर्थ इंजिन त्याला एक अंशाचा पिक्सेल धरतं. क्षेत्रफळ मोजताना 'स्केल १०', म्हणजे दहा मीटरचा पिक्सेल, असं स्पष्ट लिहिलं नाही तर उत्तर येतं, व्यवस्थित दशांश चिन्हासह, आणि ते साफ चुकीचं असतं. शिवाय नकाशा पडद्यावर बघितला तर दिसतं वेगळं, मोजलं तर येतं वेगळं, कारण पडद्यावरचा नकाशा झूमप्रमाणे ढोबळ पिक्सेलांवर काढलेला असतो. म्हणून प्रत्येक मोजणीत स्केल लिहायचा, आणि पिक्सेल मोजून शंभराने गुणण्याऐवजी प्रत्येक पिक्सेलचं खरं क्षेत्रफळ देणारा 'पिक्सेल एरिया' वापरायचा.

पिक्सेलचा विषय निघालाच आहे तर एक सोपं माप लक्षात ठेवा. सेंटिनेल-२ चा दहा मीटरचा पिक्सेल १०० चौरस मीटरचा, आणि गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एक पिक्सेल, एक गुंठा. एकरात चाळीस. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेचा तीस मीटरचा पिक्सेल म्हणजे नऊ गुंठे, एकरात जेमतेम साडेचार. त्यातले बांधावरचे वगळले तर लँडसॅटवर एकराच्या तुकड्यात निर्भेळ पिक्सेल एखादाच उरतो. अमेरिकेतल्या शेतांवर घडवलेल्या पद्धती आपल्या वाटण्या झालेल्या रानांवर का लंगडतात, त्याचं अर्धं उत्तर या हिशेबात आहे.

कच्चा माल: कोणता संग्रह उचलायचा

सेंटिनेल-२ ए जून २०१५ मध्ये, बी मार्च २०१७ मध्ये आणि सी सप्टेंबर २०२४ मध्ये अवकाशात गेला. तेरा बँड, म्हणजे प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे, आहेत; निळा, हिरवा, लाल आणि जवळचा अवरक्त हे चार दहा मीटरचे, लाल-कड आणि लघु-अवरक्त वीस मीटरचे. अर्थ इंजिनवर याचे अनेक संग्रह दिसतात. त्यांतला नावात 'हार्मोनाइज्ड' असलेला, वातावरणाची दुरुस्ती केलेला संग्रहच घ्या. कारण असं: २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्थेने प्रक्रियेत बदल केला आणि प्रत्येक आकड्यात १००० ची भर पडली. अवरक्त ३००० आणि लाल १००० असेल तर एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा निर्देशांक, म्हणजे दोघांची वजाबाकी भागिले बेरीज, ०.५ येतो. दोन्हींत हजार मिळवले तर ०.३३. जमिनीवर एक काडी हललेली नसताना २०२२ पासून सगळा महाराष्ट्र वाळू लागल्याचा आलेख निघतो! हार्मोनाइज्ड संग्रहात ही भर काढून टाकलेली आहे.

लँडसॅटमध्ये याचाच भाऊ आहे. त्याच्या कलेक्शन-२ या संग्रहाच्या आकड्यांना ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा करायचे असतात. गुणाकार विसरला तर गुणोत्तरात फरक पडत नाही, पण ती वजाबाकी विसरली की ०.५ चा एनडीव्हीआय ०.२५ दिसतो. जे सेंटिनेलचा आलेख लँडसॅटच्या आलेखाला थेट जोडतात त्यांनी आधी हे तपासावं.

ढगांसाठी सेंटिनेल-२ ची जुनी, ढग दाखवणारी क्यूए-६० पट्टी सोडा आणि 'क्लाउड स्कोर प्लस' जोडा. तो प्रत्येक पिक्सेलला शून्य ते एक असा स्वच्छतेचा गुण देतो. ०.६० च्या वरचे ठेवले तर दख्खनच्या पठारावर काम भागतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर ०.६५ बरा, कारण पातळ धुकं आणि ढगांच्या कडा तिथे जास्त त्रास देतात. जून ते सप्टेंबर कोकणात या उपग्रहाकडून फारशी अपेक्षाच ठेवू नका. त्या महिन्यांसाठी सेंटिनेल-१ चं रडार आहे. त्याला ढग अडवत नाहीत. मात्र अर्थ इंजिनवर रडारचे आकडे डेसिबलमध्ये असतात. त्यांची सरळ सरासरी काढणं चुकीचं. आधी मूळ प्रमाणात आणायचे, सरासरी काढायची, मग परत डेसिबल करायचे. वर जाणारी आणि खाली येणारी फेरीही एकात मिसळायची नाही.

सह्याद्रीच्या कड्यांपाशी आणखी एक गंमत होते. सेंटिनेल-२ आणि लँडसॅट दोन्ही स्थानिक सूर्यवेळेनुसार सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास वरून जातात. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी सूर्य आग्नेयेला, खाली असतो. त्यामुळे पश्चिमेकडे आणि वायव्येकडे तोंड असलेले कडे काळ्या सावलीत जातात आणि वर्गीकरण तिथे खुशाल पाणी दाखवतं. तीस मीटरच्या उंची-नकाशावरून उतार काढा आणि दहा अंशांपेक्षा जास्त उतारावरचं पाणी रद्द करा. किंवा घाटासाठी मार्चची चित्रं घ्या.

आयते नकाशे

अर्थ इंजिनवर जगाचे तयार नकाशे आहेत आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. डायनॅमिक वर्ल्ड हा गूगल आणि वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटचा नकाशा २०२२ मध्ये आला. सेंटिनेल-२ च्या प्रत्येक बऱ्यापैकी स्वच्छ चित्राला तो दहा मीटरवर नऊ वर्गांत वाटतो. वेग थक्क करणारा; आजचं चित्र काही दिवसांत वर्गीकृत होऊन हजर. पाणी, दाट झाडी आणि शहर यांसाठी वापरायला हरकत नाही. गवत आणि झुडूप हे मात्र त्याचे कच्चे वर्ग. एकाच माळावर ऑक्टोबरात पीक, जानेवारीत झुडूप, एप्रिलमध्ये उघडी जमीन असा त्याचा शिक्का फिरत राहतो. ऑक्टोबर २०१८ चा शिक्का एप्रिल २०२४ च्या शिक्क्यातून वजा केला की 'गवताळ प्रदेशाचा नाश' तयार! वापरायचाच असेल तर शिक्का सोडून त्यामागच्या प्रत्येक वर्गाच्या संभाव्यता घ्या, ठरावीक हंगामाची त्यांची सरासरी काढा, आणि तोच हंगाम दोन्ही वर्षांना लावा.

वर्ल्डकव्हर हा युरोपीय अवकाश संस्थेचा दहा मीटरचा नकाशा २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी आहे. एकेका वर्षासाठी नीटनेटका. पण दोन्ही वर्षांचे नकाशे वेगवेगळ्या आवृत्तीच्या पद्धतीने केलेले आहेत आणि त्यांच्यातला फरक म्हणजे जमिनीतला बदल असं समजू नये, हे त्या संस्थेनेच सांगितलं आहे. तरीही ही वजाबाकी अहवालांत दिसत राहते.

मेरीलँड विद्यापीठाच्या हॅन्सन आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा वृक्षाच्छादन नकाशा जगभर उद्धृत होतो. त्यात झाड म्हणजे पाच मीटरपेक्षा उंच वनस्पती. रत्नागिरीची आमराई, दोडामार्गचं रबर, सागाची लागवड आणि आंबोलीचं जंगल या नकाशाला सारखंच. जुनी रबराची बाग तोडून नवी लावली तरी 'वृक्षाच्छादनाचा ऱ्हास' नोंदतो. नकाशा खोटं बोलत नाही. तो जंगलाबद्दल बोलतच नाही, झाडांबद्दल बोलतो. आपल्याकडच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या आकड्यांनाही हेच लागू. एक हेक्टर किंवा जास्त जागेवर दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलं की ते वनाच्छादन, मग मालकी कुणाचीही असो आणि जात कोणतीही. या व्याख्येत कुसळीचा विस्तीर्ण माळ बसणं शक्यच नाही.

याचा सगळ्यात वाईट परिणाम 'हिरवळ वाढली' या निष्कर्षात दिसतो. माळावर समतल चर खणून गिरिपुष्प लावलं की चार-पाच वर्षांत एनडीव्हीआय चढतो. नकाशावर गडद हिरवा ठिपका येतो आणि अहवालात तो सुधारणा म्हणून जातो. माळढोक, धाविक, चिंकारा यांच्या दृष्टीने ते घर मोडणं आहे. एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा मापक आहे, परिसंस्थेच्या तब्येतीचा नाही. माळरान निरोगी असतानाच वर्षातले सात-आठ महिने पिवळं असतं. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशांत अशा माळांवर 'पडीक' असा शिक्का बसला तो याच नजरेमुळे. अर्धशुष्क भागातल्या खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा देशपातळीवरचा नकाशा एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी अर्थ इंजिन वापरूनच केला. हत्यार तेच, प्रश्न नीट विचारला की उत्तर बदलतं.

माळरान वेगळं काढायचं कसं

गवत, ज्वारी, बाजरी आणि ऊस यांचं वर्षभराचं वेळापत्रक हाताशी हवं. गवत पहिल्या पावसांबरोबर उठतं, ऑगस्ट-सप्टेंबरात सर्वांत हिरवं आणि नोव्हेंबरपर्यंत पिवळं. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, ती ओलीवर वाढून डिसेंबर-जानेवारीत भरात येते आणि फेब्रुवारीत काढणी. म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या चित्रात ज्वारी हिरवी आणि माळ पिवळा. इथे दोघे सहज फुटतात. ऊस आणि फळबाग एप्रिल-मेच्या उन्हातही हिरवे राहतात, तेव्हा त्या चित्रात ते आपोआप वेगळे पडतात. त्या दोघांना एकमेकांपासून वेगळं करायचं तर दोन-तीन वर्षांचा आलेख बघा. ऊस तोडीनंतर एकदम खाली येतो, डाळिंब किंवा आंबा तसा कोसळत नाही.

खरी गोम बाजरीची. ती गवताबरोबरच वाढते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात निघते, त्यामुळे हिरवेपणाचा आलेख गवतासारखाच. इथे लघु-अवरक्त बँड कामाला येतात. वाळलेल्या गवतातलं सेल्युलोज २.१ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश शोषतं, नांगरलेली माती तितका शोषत नाही. अकराव्या आणि बाराव्या या दोन लघु-अवरक्त बँडची वजाबाकी भागिले बेरीज काढली की एप्रिल-मेमध्ये वाळलं गवत वर राहतं आणि नांगरट झालेलं रान खाली. काळ्या मातीत हा फरक छान दिसतो, मुरमाड जमिनीत जरा पुसट. जिथे कडबा-धसकटं शेतातच उभी राहतात तिथे गडबड होते, म्हणून मे महिन्यातली, नांगरट झाल्यानंतरची तारीख जास्त विश्वासाची. फेब्रुवारी ते एप्रिल माळांना वणवे लागतात. जळलेला काळा डाग एका चित्रात आला तर मध्यक (क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला) काढताना तो बाजूला पडतो, त्यासाठी तारखांची खिडकी किमान सहा आठवड्यांची ठेवा.

म्हणून वर्षभराची एकच सरासरी काढायची नाही. तीन खिडक्या पुरतात: १५ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर, १५ डिसेंबर ते ३१ जानेवारी, आणि १ एप्रिल ते १५ मे. नांगरट उशिरा होत असेल तर शेवटची ३१ मेपर्यंत ताणा. प्रत्येक खिडकीचा मध्यक. प्रत्येकात आठ बँड आणि वरचे दोन निर्देशांक, म्हणजे तीस थर. त्यात जुलै-ऑगस्टच्या रडारचे दोन आणि उताराचा एक मिळवला की तेहेतीस. यावर दोनशे झाडांचं रँडम फॉरेस्ट चालवायचं; ही वर्गीकरणाची पद्धत आहे आणि इथलं 'झाड' म्हणजे हो-नाही प्रश्नांची एक साखळी. पाचशे झाडं केली म्हणून अचूकता वाढत नाही, मेमरी मात्र संपते.

निकाल ठरतो तो नमुन्यांवर, म्हणजे पद्धतीला शिकवण्यासाठी ओळख पटवून दिलेल्या बिंदूंवर. प्रत्येक वर्गाचे किमान शंभर-दीडशे बिंदू, जिल्हाभर विखुरलेले. 'माळरान' हा एकच वर्ग ठेवू नका. मुरमावरचा विरळ गवताचा, दाट कुसळीचा आणि हिवर-बोरीच्या झुडपांचा, असे तीन वर्ग करून शेवटी एकत्र करा. उलट 'पडीक' असा वर्ग करूच नका, तो उपग्रहाला दिसत नाही, तो तलाठ्याच्या दप्तरात असतो. बिंदू टाकताना गूगल अर्थच्या जुन्या तारखांच्या स्पष्ट चित्रांत बांध, नांगराच्या रेषा, चर दिसतात. दहा मीटरवर ते दिसत नाहीत.

आणि तपासणीचे बिंदू वेगळ्या जागचे हवेत. एकाच शेतातले तीस पिक्सेल घेऊन त्यांतले वीस शिकवायला आणि दहा तपासायला वापरले की अचूकता पंचाण्णव टक्के येते. शेजारचा पिक्सेल ओळखणं ही परीक्षा नव्हे. पाच-पाच किलोमीटरचे चौकोन पाडा आणि काही चौकोन पूर्णपणे तपासणीसाठी राखून ठेवा. आकडा खाली येईल, पण तो खरा असेल.

आकडा काढताना

नकाशातले बदललेले पिक्सेल मोजून 'इतके चौरस किलोमीटर माळ गेला' असं लिहिणं ही सर्रास होणारी चूक. दोन वर्षांचे दोन नकाशे प्रत्येकी ८५ टक्के बरोबर असतील आणि चुका स्वतंत्र असतील, तर दोन्ही तारखांना बरोबर असणारे पिक्सेल ०.८५ गुणिले ०.८५, म्हणजे ७२ टक्केच. उरलेल्यांत बराचसा खोटा बदल असतो.

योग्य पद्धत ओलोफसन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडली आहे. समजा, १००० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात नकाशा म्हणतो की २० चौरस किलोमीटर माळाचं शेत झालं. बदललेल्या भागात यादृच्छिक ७५ बिंदू टाकले, स्पष्ट चित्रांवर एकेक तपासले, ६० खरे निघाले. न बदललेल्या भागात ३०० टाकले, त्यांतले तीन प्रत्यक्षात बदललेले. आता हिशेब: २० चे ८० टक्के म्हणजे १६, आणि ९८० चा एक टक्का म्हणजे ९.८. बदल २५.८ चौरस किलोमीटर, ९५ टक्के विश्वासाने अकराच्या आसपास कमी-जास्त. नकाशाचा २० हा आकडा त्या मर्यादेत आहे खरा, पण निसटलेला बदल किती वजन टाकतो बघा: तीनशेतले फक्त तीन बिंदू एवढी उलथापालथ करतात, कारण न बदललेला भाग प्रचंड मोठा आहे. मर्यादा अरुंद करायची तर पुढचे बिंदू तिकडेच वाढवायचे; बदललेल्या भागात ७५ चे १५० केल्याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. अर्थ इंजिनमध्ये हे बिंदू पाडायची सोय आहे, हिशेब मात्र स्वतः किंवा एक्सेलमध्ये करावा लागतो. खरं तर ही सोय आत असायला हवी होती.

मागे किती जाता येतं

सेंटिनेलची दुरुस्त चित्रं आपल्याकडे २०१९ पासून भरवशाची; २०१७-१८ साठी आधी तारखा मोजून बघा. त्यामागे जायचं तर लँडसॅट, आणि मग दोन्ही टोकांना लँडसॅटच. २००० सालच्या तीस मीटरच्या चित्राची २०२४ च्या दहा मीटरच्या चित्राशी तुलना केली की बारीक शेतं 'नव्याने उगवतात'. १९८० आणि ९० च्या दशकांत आपल्यावरच्या तारखा विरळ आहेत, १९९९ मध्ये लँडसॅट-७ आल्यावर चित्र सुधारतं. पण ३१ मे २००३ ला त्याच्या एका भागात बिघाड झाला आणि तेव्हापासून प्रत्येक चित्राचा सुमारे २२ टक्के भाग पट्ट्यापट्ट्यांनी रिकामा. लँडसॅट-५ ची चित्रं नोव्हेंबर २०११ मध्ये थांबली, लँडसॅट-८ फेब्रुवारी २०१३ मध्ये गेला. मधल्या २०१२ ला फक्त पट्टेवालं लँडसॅट-७. तेच नेमकं दुष्काळाचं वर्ष. २०१२ हे आधारवर्ष धरून 'त्यानंतर हिरवळ वाढली' म्हणणारा आलेख दिसला तर पुढे वाचू नका. एकाऐवजी तीन वर्षांची खिडकी घ्या, आणि त्या वर्षांचा पाऊस शेजारी मांडा.

पाण्यासाठी जुना नकाशा हवा असेल तर युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचा १९८४ पासूनचा तीस मीटरचा पाण्याचा नकाशा उत्तम आहे. उजनीचा फुगवटा कुठल्या महिन्यात कुठवर येतो आणि गाळपेराची जमीन कधी उघडी पडते, हे त्यात दिसतं. शेततळी मात्र विसरा. 'मागेल त्याला शेततळे' या सरकारी योजनेतलं मोठ्यात मोठं तळं तीस बाय तीस मीटर, म्हणजे नऊ गुंठे. लँडसॅटचा एखादा पिक्सेल नेमका बसला तरच. सेंटिनेलवर कडा उत्तर-दक्षिण असतील तर चार निर्भेळ पिक्सेल तरी मिळतात, पण हिरवा आणि जवळचा अवरक्त वापरणारा पाणी-निर्देशांकच घ्यायचा. अकरावा बँड वापरणारा सुधारित निर्देशांक तलावांना चांगला असला तरी तो बँड वीस मीटरचा आहे, शेततळ्यात त्याचा पूर्ण पिक्सेल बहुधा बसतच नाही.

बाकीची दुकानं

इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ दिसायला जुनाट आहे, पण त्याच्या जमीनवापर-नकाशांतले वर्ग आपल्या शेतीला धरून आहेत: खरीप, रब्बी, उन्हाळी, दुबार, चालू पड. जगाच्या नकाशांत 'पीक' हा एकच शब्द असतो. दरवर्षीचा नकाशा ५६ मीटरच्या सेन्सरवरून केलेला आहे, म्हणजे एका पिक्सेलात एकतीस गुंठे, तेव्हा गावाच्या पातळीवर त्याचा उपयोग नाही. तालुक्याच्या पातळीवर पीकपद्धतीचा कल बघायला तो डायनॅमिक वर्ल्डपेक्षा जास्त शहाणा. इस्रोच्याच भूनिधीवरून मूळ चित्रं उतरवता येतात.

ज्यांना कोड नको त्यांनी सेंटिनेलची चित्रं दाखवणारं कोपर्निकस ब्राउझर हे संकेतस्थळ उघडावं. दोन तारखा शेजारी ठेवून सरकपट्टीने बघता येतात, निर्देशांकाचा आलेख निघतो. एखाद्या टेकडीचं काय झालं हे दहा मिनिटांत कळतं. जिल्ह्याचा हिशेब त्यातून होणार नाही. क्यूजीआयएस हे आपल्या संगणकावर चालणारं नकाशा-सॉफ्टवेअर आणि त्यातलं सेमी-ऑटोमॅटिक क्लासिफिकेशन प्लगइन हे विद्यार्थ्यांसाठी चांगलं, कारण प्रत्येक पायरी डोळ्यांपुढे होते. सोळा जीबी रॅम असल्याशिवाय मोठ्या क्षेत्राच्या नादी लागू नये.

अर्थ इंजिनवर २०२५ मध्ये उपग्रह-एम्बेडिंगचा संग्रह आला: २०१७ पासून दरवर्षी, दहा मीटरवर, प्रत्येक पिक्सेलला ६४ आकडे, ज्यांत वर्षभराच्या अनेक उपग्रहांची माहिती मुरवलेली आहे. वरच्या तेहेतीस थरांची मेहनत वाचते, आणि थोडे नमुने असले तरी वर्गीकरण चांगलं निघतं. पण त्रेपन्नाव्या आकड्याला काय दिसलं हे विचारून उपयोग नाही. सप्टेंबरचं गवत की मेची नांगरट, कशावरून माळ ओळखला, ते सांगता येत नाही. सुनावणीत किंवा वन विभागापुढे मांडायच्या नकाशासाठी सध्या तरी हंगामी खिडक्यांची पद्धत बरी. दोन्ही करून, जिथे दोघांचं जुळत नाही तेवढ्या जागा शोधणं हा उत्तम मधला मार्ग आहे.

त्या न जुळणाऱ्या जागांची यादी निघाली की त्यांतल्या पन्नास तरी प्रत्यक्ष जाऊन बघायच्या. जायचं ते मे महिन्यात, नांगरट झाल्यावर. ऑक्टोबरात गेलात तर गुडघ्याएवढं गवत आणि पडीक रान यांत जमिनीवर उभं राहूनही फरक कळत नाही.